जुनी झेन गरम झाली की थांबल्यावर बंद पडते, पार्ट बदलण्याआधी काय तपासावं?

संगममाहुली (सातारा)

नमस्कार मंडळी,

बाबांची २००३ ची झेन आहे. पेट्रोल, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, संगणकाच्या हिशेबानं इंजेक्टरमधून पेट्रोल येतं ती), एमएच-११. बाबा आता गाडी चालवत नाहीत, मी चालवते. आईला फिजिओथेरपीला न्यायचं, अधूनमधून कोरेगावला मामांकडे जायचं, एवढाच वापर. पत्रा कुठे सडलेला नाही, २०२३ ला पासिंगही करून घेतलंय.

दुखणं असं आहे. सकाळी सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू. गोडोलीतून निघाल्यावर पोवई नाक्यापर्यंत काही नाही. इंजिन तापलं की मात्र जिथे थांबू तिथे क्लच दाबला रे दाबला की आवाज खाली खाली जातो, स्टिअरिंग थरथरतं आणि बंद. परत सेल्फ मारला की लगेच चालू. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून राहिलं तर बंद पडत नाही. पिकअप उत्तम, हायवेला तर काही जाणवतही नाही. एसी लावला असेल तर हमखास बंद.

गॅरेजमध्ये आतापर्यंत प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, टाकीतला पंप काढून पाहिला, बॅटरी नवी टाकली. पैसे गेले आणि गाडी आहे तशीच. आता म्हणतात ईसीएम (इंजिनचा संगणक) गेलाय, जुन्या बाजारातून आणून बसवू. तो बसवल्यावरही फरक पडेल याची खात्री कोणी देत नाही.

मला पाना हातात धरता येतो, मल्टीमीटर लावता येतो. क्रम मात्र कळत नाही. आधी काय बघायचं, मग काय? चढावर मागे उसाची ट्रॉली उभी असताना गाडी बंद पडली की पोटात गोळा येतो, म्हणून मनापासून विचारतेय.

गाडीवेडा_कराड

ताई, २००३ ची गाडी म्हणजे झालं तिचं आयुष्य. स्क्रॅपला द्या आणि नवी घ्या. जुन्या गाडीवर पैसे घालत बसायचं म्हणजे बुडत्याचा पाय खोलात.

किन्हईकर

कराडकर, त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय. पिकअप उत्तम आहे, पत्रा चांगला आहे, पासिंग झालंय. नव्या गाडीचा हप्ता काय झाडाला लागतो का? नुसती थांबल्यावर बंद पडणारी गाडी शंभरातल्या नव्वद वेळा किरकोळ गोष्टीसाठी अडलेली असते. जाणकार येतील, थांबा.

हळदबाजार (सांगली)

ईसीएमचं नाव इतक्यात काढू नका. तो क्वचितच जातो, पण गॅरेजवाल्याचं डोकं चालेनासं झालं की सगळ्यात आधी त्याच्यावरच खापर फुटतं.

तुमच्या पोस्टमध्येच अर्धं निदान आहे. हायवेला पिकअप उत्तम, म्हणजे जास्तीत जास्त पेट्रोल लागतं तेव्हा ते पोचतंय. मग पंप आणि फिल्टर तिथेच बाद. ते खराब असते तर गाडी चढावर आणि ओव्हरटेक करताना दम तोडली असती. प्लगही बहुतेक बाद, नाहीतर जोर देताना मिसिंग आलं असतं. उरलं काय? फक्त अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडल्यावरची अवस्था. त्या वेळी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेची, पाकळी बंद असते आणि इंजिन बारीकशा वाटेने येणाऱ्या हवेवर जगतं. शोध त्या वाटेपाशी घ्यायचा.

आता एवढी उत्तरं द्या. थंड असताना न्यूट्रलमध्ये नुसती उभी ठेवली तर बंद पडते का? थांबलेली असताना ब्रेक दाबल्यावर आवाजात फरक पडतो का, पायाजवळ फुसफुस ऐकू येते का? पेट्रोल भरल्यावर लगेच जास्त त्रास होतो का? रात्री हेडलाइट लावल्यावर काही वेगळं जाणवतं का? आणि नेमकं कशानंतर सुरू झालं? पाऊस, सर्व्हिसिंग, काहीही. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

वैशाली_वाई

वाचतेय. माझ्या भावाच्या गाडीचं हेच रडगाणं चालू आहे.

संगममाहुली

हळदबाजार, फार फार आभार. आज मुद्दाम गाडी अंगणात चालू ठेवून बघितली.

थंड असताना कितीही वेळ उभी ठेवा, मस्त चालते. आवाजही जरा चढाच असतो. तापल्यावर आवाज उतरतो आणि मग डचमळायला लागते. ब्रेकचा काही फरक नाही, फुसफुस नाही. पेट्रोल भरण्याशी संबंध दिसत नाही. रात्री हेडलाइट लावले की लवकर बंद पडते, आणि बंद पडण्याआधी दिवे मंद होतात.

कशानंतर म्हणाल तर पावसाळ्यात कधीतरी एखाद्या वेळी व्हायचं. नवी बॅटरी बसवल्यापासून रोजचं झालं. बॅटरी नवी आहे म्हणून मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

शेवटचा_गिअर

एवढं पुराण कशाला? थ्रॉटलजवळ एक स्क्रू असतो, तो पाव आटा आवळा, स्लो (पाय सोडल्यावरचा इंजिनचा वेग) वाढेल, विषय संपला. आमचा फिटर दोन मिनिटांत करतो.

पाना_चौदा (मिरज)

शेवटचा गिअर, तो स्क्रू फिरवायचा नाही! कार्बोरेटरच्या गाडीत स्लो वाढवायचा स्क्रू असतो, ते वेगळं. एमपीएफआयमध्ये तो पाकळीला टेकू देण्यापुरता असतो, कंपनीतून लावून येतो. तो आवळला की पाकळी कायम जराशी उघडी राहते. मग पाय सोडलाय की नाही हे संगणकाला नीट कळत नाही, आणि मूळ दुखणं तसंच राहून वर दुसरं लागतं. सांगली-मिरजेतल्या गॅरेजांत बरीच वर्षं काढली, फिरवलेला स्क्रू जागेवर आणण्यातच कितीतरी वेळ गेलाय.

ताई, आता तुमचं बघू. तुमच्या उत्तरातल्या तीन गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवतात.

थंड असताना चांगली चालते. का? थंड इंजिनला संगणक मुद्दाम जास्त हवा देतो. त्यासाठी पाकळीला वळसा घालून जाणारी एक वाट असते आणि तिच्या तोंडावर आयएसी व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड असताना तो चांगला उघडा असतो, म्हणून वाटेत काजळी असली तरी निभावतं. इंजिन तापलं की संगणक तो जवळजवळ मिटवतो, आता एवढंसं पुरे म्हणून. पण ते एवढंसं अंतर काजळीनं आधीच भरलेलं असतं. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार साचावेत तसं. म्हणून गरम झाल्यावर बंद.

एसी लावल्यावर हमखास, कारण कॉम्प्रेसरचा बोजा पडतो तेव्हा तोच व्हॉल्व्ह झटकन उघडून इंजिनला सावरतो. चिकटलेला असेल तर तो उघडायच्या आत इंजिन बसतं.

तिसरी गोष्ट बॅटरी. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत संगणक हळूहळू साचणाऱ्या काजळीचा अंदाज घेत व्हॉल्व्ह थोडा थोडा जास्त उघडायला शिकतो. बॅटरी काढली की ते शिकलेलं पुसलं जातं. मग तो नव्या स्वच्छ गाडीच्या हिशेबानं व्हॉल्व्ह मिटवतो, आणि तुमची गाडी तर वीस वर्षांची. म्हणून कधीतरी होणारं रोजचं झालं. नव्या बॅटरीत काही दोष नाही.

काय करायचं ते सांगतो, घरीही जमेल. इंजिन थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप थ्रॉटल बॉडीपासून सोडवा. आत टॉर्च मारा. पाकळीच्या कडेला जिथे ती भिंतीला टेकते तिथे काळं, चिकट कडं दिसेल. थ्रॉटल बॉडी क्लीनर किंवा कार्ब क्लीनरचा स्प्रे फडक्यावर घ्या आणि पुसा. धो धो आत मारू नका. पाकळी हातानं हळूच उघडून कडेचा भाग पुसा, झटक्यानं सोडू नका. मग आयएसीचे स्क्रू काढा. हे स्क्रू नाजूक आणि जाम झालेले असतात, नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या नाहीतर डोकी झिजतील. व्हॉल्व्हचं टोक हातानं दाबायचं किंवा ओढायचं नाही, आतले दाते तुटतात. टोक खाली धरून फक्त टोकावर स्प्रे मारा, म्हणजे ओघळ मोटरमध्ये जाणार नाही. तो बसतो ती भोकंही साफ करा. गॅस्केट किंवा ओरिंग कडक झालं असेल तर नवं टाका, दहा-वीस रुपयांची वस्तू असते.

सगळं बसवलं की एसी, दिवे बंद ठेवून गाडी चालू करा, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका, रेडिएटरचा पंखा फिरून थांबेपर्यंत तशीच चालू द्या. सुरुवातीला वेडीवाकडी चालेल, घाबरू नका. मग इथे लिहा. एवढं केल्याशिवाय ईसीएमचा एक रुपयाही कुणाला देऊ नका.

किन्हईकर

पानाभाऊ, सलाम. कुठल्या फिटरनं कधी एवढं समजावून सांगितलं नव्हतं.

आयटीतला_सातारकर (सध्या पुणे)

ऑनलाइन एक ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, स्टिअरिंगखाली लावायचा आणि मोबाइलवर सगळे कोड दिसतात. माझ्या गाडीला वापरतो. आधी तो लावून बघा ना, कशाला खोलाखोली?

हळदबाजार

तुमची गाडी नवी असणार. २००३ च्या झेनमध्ये तो चालणार नाही. तेव्हाच्या गाड्यांचे संगणक कंपनीच्या आपापल्या भाषेत बोलायचे, बाजारातला स्वस्त स्कॅनर तिथे गप्प बसतो. जोडायला जागा दिसली तरी उत्तर येत नाही. त्या काळच्या बऱ्याच सुझुकी इंजिनांत तपासणीच्या कनेक्टरमधल्या दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा मिचकावून कोड सांगतो. एकदा मिचकावून, थोडं थांबून, दोनदा मिचकावला तर तो १२, म्हणजे तक्रार नाही. पण कुठल्या दोन पिना ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करायचं, अंदाजानं तार घालायची नाही.

आणि काजळीचा कोड येत नाही. व्हॉल्व्हची वायर तुटली तर कोड येतो, वाट बुजली तर संगणकाला पत्ताही नसतो. कान, नाक आणि टॉर्च यांना अजून पर्याय नाही.

जुना_फियाटवाला (सातारा, सदर बझार)

धागा वाचून राहवेना. थोडं विषयांतर करतो, पण कार्बोरेटरच्या गाड्या अजून सांभाळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

आमच्याकडे पद्मिनी होती, १०८९ सीसीची. महाबळेश्वरला वरचेवर जाणं व्हायचं. साताऱ्यात स्लो अगदी घड्याळासारखी लावलेली असायची आणि वर पोचल्यावर तीच गाडी बाजारात उभी राहिली की धापा टाकायची, सायलेन्सरमधून काळा धूर. कारण सरळ आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर, हवा विरळ. कार्बोरेटरच्या जेटमधून पेट्रोल येतं तेवढंच येतं, हवेतला प्राणवायू कमी होतो. मिश्रण जाड होतं. मिक्श्चर स्क्रू जरासा आत घेतला की गाडी शांत. खाली आल्यावर परत होता तिथे आणायचा, नाहीतर सकाळी चालू व्हायला त्रास. एमपीएफआयमध्ये हे सगळं सेन्सर बघतो, म्हणून आजच्या लोकांना घाटाचा हा हिशेब माहीतच नाही.

दुसरं पसरणी घाटातलं. एप्रिल-मेमध्ये चढ संपता संपता पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची. पंप इंजिनवरच बसवलेला, तो तापायचा. वाफ झाली की पंप ओढणार काय? मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि दरीकडे बघत बसायचं. घाटात अशी पाच-सहा बॉनेटं एका रांगेत उघडी दिसायची आणि अनोळखी माणसं एकमेकांना पाणी द्यायची. पाचगणी येईपर्यंत ओळख घट्ट झालेली असायची.

पाना_चौदा

फियाटवाले काका, वाचून छान वाटलं. कार्बोरेटरवाल्यांसाठी यात एक भर घालतो. जुन्या मारुती ८०० च्या कार्बोरेटरला एक छोटा सोलेनॉइड असतो, चावी बंद केली की स्लोचं पेट्रोल तोडायला. त्याची वायर सुटली किंवा तो जळाला की गाडी रेसवर चालते आणि पाय सोडला की क्षणात मरते. तपासायला काही लागत नाही. इंजिन चालू न करता चावी ऑन-ऑफ करा आणि कार्बोरेटरजवळ कान द्या. बारीक ‘टक’ ऐकू यायला हवं. टक नसेल तर आधी वायर बघा. टक असून बंद पडत असेल तर स्लोचा जेट चोंदलाय, काढून हवा मारा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.

ग्रामस्थ_रहिमतपूर

माझं मत वेगळं आहे. हा सगळा इथेनॉलचा प्रताप आहे. साधं पेट्रोल होतं तोवर जुन्या गाड्या बंद पडत नव्हत्या. आता ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आलंय, जुन्या गाड्यांचं वाटोळं होणारच.

ऊसकरी (वाळवा)

भावा, सगळं पाप उसावर टाकू नको. आमच्या भागाला इथेनॉल नवीन न्हाई. २००१ ला पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचे देशातले पहिले प्रयोग झाले ते मिरज, मनमाड आणि तिकडं उत्तर प्रदेशात बरेलीला. तवापासून हिथल्या गाड्या थोडंथोडं इथेनॉल पितातच की. त्यातनं कारखान्याकडनं बिल वेळेवर मिळायला मदत झाली, ही बाजू पण बघा. आमच्या घरची जुनी ८०० अजून रानात जाती, दाणं टाकायला पुरती.

हळदबाजार

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांचंही म्हणणं पूर्ण नाही.

५ टक्के वेगळं आणि २० टक्के वेगळं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेला एमपीएफआय संगणक इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडून बऱ्यापैकी सांभाळून घेतो. कार्बोरेटरचा जेट सांभाळू शकत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि स्लो डगमगते. तिथे रहिमतपूरकरांचं बरोबर आहे. उष्मांक पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून अ‍ॅव्हरेजही थोडं उतरतं. जुन्या रबरी नळ्या आणि ओरिंग ई-२० साठी बनवलेले नव्हते, ते फुगतात किंवा तडकतात. आणि इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून फार न वापरता उभ्या ठेवलेल्या गाडीच्या टाकीत पाण्याचा त्रास होऊ शकतो.

पण ताईंची गाडी थंड असताना उत्तम चालते आणि हायवेला ओढते. इंधनाचा दोष असता तर थंड असतानाच जास्त कुरकुर केली असती. तेव्हा त्यांच्या दुखण्याचं बिल ऊसवाल्यांच्या नावावर फाडता येणार नाही. मात्र बॉनेट उघडलंच आहे तर पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बोटांनी दाबून, वास घेऊन बघा. वीस वर्षांची नळी गरम इंजिनवर गळली तर आग लागते. गाडी बंद पडण्यापेक्षा ते फार वाईट.

ऊसकरी

हे मान्य. नळ्यांचं बरोबर बोललात.

उंब्रजचा_वाटसरू

गॅस किट असलेल्यांसाठी एक सांगतो. माझ्या एलपीजीच्या गाडीला हाच त्रास होता आणि कारण निघालं टॅपेट (व्हॉल्व्हला दाबून उघडणारा भाग). गॅसवर चालून चालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा गॅप मिटतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. जोरात चालवताना कळत नाही, स्लोला कॉम्प्रेशन कमी पडतं. टॅपेट वाजत नाहीत म्हणून मी खूश होतो, खरं तर तेच लक्षण होतं. फिलर गेजनं गॅप लावून घेतल्यावर गाडी शांत झाली.

संगममाहुली

सगळ्यांना नमस्कार. काम केलं. भाचा टॉर्च धरायला होता.

पाइप काढून आत बघितलं आणि थक्क झाले. बाहेरून चकचकीत अ‍ॅल्युमिनियम, आणि पाकळीच्या कडेला काळं, डांबरासारखं कडं, नख लावलं तर नखात भरेल एवढं जाड. आयएसीचं टोक तर ओळखू येईना. स्क्रू खरंच जाम होते, आधी गंजाचा स्प्रे मारून वाट बघितली, मग सुटले. व्हॉल्व्ह बसतो त्या भोकांतून काळं पाणी निघत राहिलं, फडकं पांढरं निघेपर्यंत पुसलं. ओरिंग दगडासारखं कडक होतं, नवं टाकलं. सांगितल्याप्रमाणे पंखा फिरेपर्यंत चालू ठेवली. सुरुवातीला खरंच वेडीवाकडी चालली, मग हळूहळू एका सुरात आली.

आता एसी आणि दिवे बंद असताना गरम गाडी कितीही वेळ उभी राहते. राजवाड्याच्या गर्दीतून फिरवून आणली, एकदाही बंद पडली नाही! आईसुद्धा म्हणाली, आज गाडी थरथरत नाही.

पण एसी आणि हेडलाइट दोन्ही लावले की अजून डचमळते, दिवे मंद होतात. एकदा बंदही पडली. म्हणजे काहीतरी उरलंय. आता कुठे बघू?

वायरमन_विश्रामबाग (सांगली)

इतका वेळ वाचत होतो, आता माझ्या खात्यात आलं. ताई, दिवे मंद होतात हे तुम्ही आधीच लिहिलं होतं, सगळ्यांनी इंजिन धरलं आणि ते मागे राहिलं. दिवे मंद म्हणजे करंट कुठेतरी अडतोय.

मल्टीमीटर आहे म्हणालात ना? इंजिन चालू, काही न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.८ ते १४.४ च्या आसपास हवं. मग एसी, दिवे लावून परत मोजा. १३ च्या वर राहिलं तर अल्टरनेटर ठीक.

त्यानंतरची चाचणी फार कमी लोक करतात. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्यावर, रंग खरवडून. एसी, दिवे, पंखा सगळं चालू. ०.१, ०.२ दिसलं तर ठीक. त्याहून बरंच जास्त असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीशी जोडणी, गेलं. मग तेच निगेटिव्ह आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये मोजा. नवी बॅटरी बसवताना खांबावरची क्लॅम्प सगळे घट्ट करतात, त्याच वायरचं दुसरं टोक बॉडीला जिथे नटानं आवळलेलं असतं तिकडे कोणी बघत नाही. पावसाळ्यात तिथे हिरवं चढतं.

अर्थिंग कच्चं असलं की दिवे मंद होतातच, कॉइलला आणि इंजेक्टरलाही व्होल्टेज कमी मिळतं, सेन्सरची मापं चुकीची जातात. मग ईसीएम बिघडल्यासारखा वागतो. म्हणून त्याला बदलायला निघतात.

पाना_चौदा

वायरमनशी शंभर टक्के सहमत. दिव्यांचा मुद्दा माझ्या उत्तरात यायला हवा होता, बरं झालं तुम्ही धरलात.

संगममाहुली

मोजलं. बॅटरीवर सगळं लावूनही १३.५. निगेटिव्ह ते ब्लॉक, जवळजवळ काही नाही. निगेटिव्ह ते बॉडी, ०.९!

वायर धरून शोधत गेले. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला आवळलेला बोल्ट हातानं फिरत होता. टर्मिनल हिरवं-पांढरं झालेलं, खाली गंज. बोल्ट काढला, टर्मिनल आणि पत्रा दोन्ही सँडपेपरनं चकचकीत होईपर्यंत घासले, आवळले, वरून पेट्रोलियम जेली लावली. परत मोजलं, ०.०८.

एसी, हेडलाइट, वायपर, मागची काच गरम करायची तार, होतं नव्हतं ते सगळं लावून गाडी अंगणात उभी केली. एसीचा कॉम्प्रेसर लागताना आवाज क्षणभर खाली जातो आणि लगेच वर येऊन स्थिर होतो. संध्याकाळी ऐन गर्दीत पोवई नाक्यावर एसी लावून थांबत थांबत नेली. बंद नाही!

गॅरेजला कळवलं, ईसीएम नको. तुमच्यापैकी कोणीही साताऱ्यात आलात तर घरी चहा आणि कंदी पेढे नक्की. वायरमनदादा आणि पानादादांना पेढ्यांचा पुडा वेगळा.

जुना_फियाटवाला

पेढे आमच्याच गावचे, मी सदर बझारातून चालत येतो!

गाडीवेडा_कराड

अभिनंदन ताई. सँडपेपरवर गाडी सुधारली म्हणजे कमालच झाली. आमच्या काकांची एक २००१ ची उभी आहे, तिचंही थ्रॉटल उघडून बघतो.

वैशाली_वाई

मनापासून अभिनंदन. आता माझ्या भावाचा प्रश्न. त्याची जुनी एस्टीम आहे. त्याला थंड-गरम, एसी, दिवे कशाचाच फरक पडत नाही. पण पंपावर टाकी पूर्ण भरली की चालू व्हायला त्रास देते, पेट्रोलचा वास येतो, आणि पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये थांबलं की बंद पडते. मग आपोआप ठीक. थ्रॉटल बॉडी साफ करून झालीय.

पाना_चौदा

हे वेगळं प्रकरण. पेट्रोल भरल्यावरच होतं म्हणजे पर्ज व्हॉल्व्हवर संशय घ्या. टाकीतली वाफ बाहेर सोडायची नाही म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवतात आणि गाडी चालताना एका व्हॉल्व्हमधून थोडी थोडी इंजिनला देतात. व्हॉल्व्ह वयानं उघडा अडकला की टाकी भरताना ढकललेली सगळी वाफ एकदम आत जाते, मिश्रण जाड होतं आणि गाडी गुदमरते.

पुढच्या वेळी पेट्रोल भरलं की गाडी पंपापासून लांब बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि त्या व्हॉल्व्हपासून इनटेककडे जाणारी बारीक रबरी नळी पकडीनं हलकेच चिमटून धरा, पकडीला फडकं गुंडाळून, नळी चिरू नये म्हणून. मग चालू करून बघा. नीट चालली तर चोर सापडला. व्हॉल्व्ह काढून वायर न जोडता फुंकून बघा, हवा जाता कामा नये. आणि भावाला सांगा, पहिला खटका पडल्यावर नोझल काढायला लावत जा, वर ठोकून ठोकून टाकी गळ्यापर्यंत भरू नका. पातळ पेट्रोल त्या डब्यात शिरलं की डबाही जातो.